उरलेल्या बळाचा हिशेब : अलिया मुस्ताफिनाची कारकीर्द

२०१८ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस कलात्मक जिम्नॅस्टिक्सची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा कतारची राजधानी दोहा येथील ॲस्पायर डोम या विशाल बंदिस्त क्रीडागारात भरली. मध्यपूर्वेच्या भूमीवर ही स्पर्धा भरण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. सौदी अरबस्तान, संयुक्त अरब अमिराती, बहरीन आणि इजिप्त या चार राष्ट्रांनी त्या सुमारास कतारशी संबंध तोडून आपले हवाई व सागरी मार्ग त्या देशास बंद केले होते. परंतु ओमानने आपल्या परंपरागत तटस्थ धोरणास अनुसरून या बहिष्कारात भाग घेतला नव्हता, आणि त्यामुळे मस्कतहून दोह्यास जाणाऱ्या विमानांची ये-जा अबाधित होती. मस्कतमधील रुवी, दारसेत अथवा वादी कबीर येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाला जगातील अव्वल दर्जाचे जिम्नॅस्टिक्स प्रत्यक्ष पाहावयाचे झाले, तर ते आता अवघ्या दीड तासाच्या विमानप्रवासावर येऊन ठेपले होते.

प्रेक्षकांची दृष्टी साहजिकच अमेरिकेच्या सिमोन बाइल्सवर खिळलेली होती. परंतु रशियाच्या संघात चोवीस वर्षांची एक स्त्री होती, जिच्या नावावर ऑलिंपिकची सात पदके जमा होती, जिला सोळा महिन्यांपूर्वी कन्यारत्न झाले होते, आणि ज्या वयात या खेळातील बहुतेक मुली निवृत्त होऊन प्रशिक्षणाकडे अथवा संसाराकडे वळलेल्या असतात त्या वयात जी पुन्हा एकदा दांड्यांवर हात टाकण्यास सिद्ध झाली होती. तिचे नाव अलिया मुस्ताफिना. तिच्या कारकिर्दीचे मर्म तिच्या पदकांच्या संख्येपेक्षा ती पदके कोणत्या परिस्थितीत मिळाली यात अधिक आहे, आणि तेवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

रशियन जिम्नॅस्टला वारसा मिळतो तो गौरवाचा असतो तसाच दडपणाचाही. १९५२ साली हेलसिंकी येथे, म्हणजे ज्या ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले त्याच ऑलिंपिकमध्ये, सोव्हिएत संघाने प्रथम पदार्पण केले आणि महिलांचे सांघिक सुवर्णपदक हस्तगत केले. तेथून १९८८ पर्यंत, १९८४ चे बहिष्कृत लॉस एंजेलिस वगळता, हे सुवर्णपदक त्या राष्ट्राने एकदाही हातचे जाऊ दिले नाही; १९९२ साली, राज्य लयास गेल्यावरही, संयुक्त संघाच्या नावाने ते त्याच भूमीच्या खेळाडूंनी जिंकले. एकट्या लारिसा लातिनिनाने तीन ऑलिंपिकांत नऊ सुवर्णांसह अठरा पदके मिळवली. मात्र या दौलतीत युक्रेन, बेलारूस, उझबेकिस्तान या सर्वांचा वाटा होता, आणि सोव्हिएत राज्याच्या १९९१ च्या वाटणीनंतर रशियाच्या पदरी जे आले त्यात स्वेतलाना खोरकिनासारखे अलौकिक व्यक्तिमत्त्व असले, तरी सांघिक सुवर्णपदक मात्र नव्हते. जागतिक स्पर्धेत ते मिळवण्यासाठी रशियाला तब्बल २०१० सालापर्यंत वाट पाहावी लागली, आणि ती प्रतीक्षा संपवणाऱ्या संघाची आधारस्तंभ होती सोळा वर्षांची मुस्ताफिना.

पुढील हकिगत नीट उमगण्यासाठी या खेळातील गुणदानाची पद्धत थोडक्यात जाणून घेणे अवश्य आहे. महिलांना चार साधनांवर कसब दाखवावे लागते. धावत येऊन मेजावर हात टेकून मारावयाची उडी म्हणजे व्हॉल्ट. एक उंच व एक ठेंगणी अशा दोन आडव्या दांड्यांवरील झोके म्हणजे अनइव्हन बार्स. पाच मीटर लांब, परंतु केवळ दहा सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच अशा तुळईवरील कसरत म्हणजे बॅलन्स बीम. आणि बारा मीटर लांबीरुंदीच्या गालिच्यावर संगीताच्या साथीने करावयाचा आविष्कार म्हणजे फ्लोअर एक्सरसाइज. या चारही साधनांवरील गुणांची बेरीज ज्या स्पर्धेत होते तिला वैयक्तिक सर्वसाधारण स्पर्धा म्हणतात, आणि तिचे विजेतेपद सर्वांत मानाचे समजले जाते. नादिया कोमानेचीने १९७६ साली माँट्रिअल येथे मिळवलेल्या दहापैकी दहा गुणांची कीर्ती आपल्याकडील जुन्या पिढीला ठाऊक आहे. परंतु २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधील निकालांवरून माजलेल्या तक्रारींनंतर ती पद्धत मोडीत निघाली आणि २००६ पासून गुणांचा जमाखर्च दोन खात्यांत मांडला जाऊ लागला. एका खात्यात कृतींच्या काठिण्याचे गुण जमा होतात आणि त्यांना वरची मर्यादा नसते. दुसऱ्या खात्यात दहा गुण आधीच जमा धरून त्यातून प्रत्येक चुकीची वजावट होते. गुडघा किंचित वाकला, पाऊल सरकले, तर दशांश गुण जातो. साधनावरून खाली पडल्यास पुरा एक गुण जातो. तात्पर्य, या खेळात धाडसाला किंमत आहे, सफाईलाही आहे, आणि त्या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हे ज्याचे त्याला ठरवावे लागते.

मुस्ताफिनाचा जन्म ३० सप्टेंबर १९९४ रोजी मॉस्को प्रांतातील येगोरिएव्स्क या गावी झाला. तिचे वडील फरहात मुस्ताफिन हे व्होल्गातीरीच्या तातार वंशातील नामांकित मल्ल. ज्या माँट्रिअलमध्ये कोमानेचीला दहा गुण मिळाले त्याच ऑलिंपिकमध्ये त्यांनी ग्रीको-रोमन कुस्तीत कांस्यपदक पटकावले होते. आई पदार्थविज्ञानाची शिक्षिका होती. पित्याची झुंज आणि मातेचे गणित असे दोन्ही गुण मुलीत उतरले, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही. सोव्हिएत काळापासून गाजलेले अलेक्सांद्र अलेक्सांद्रोव्ह यांच्यासारखे कडक शिस्तीचे गुरू तिला लाभले, आणि मॉस्कोजवळच्या ओझेरो क्रुग्लोये येथील राष्ट्रीय शिबिरात तिची जडणघडण झाली.

२०१० च्या ऑक्टोबरात रॉटरडॅम येथे तिने पहिल्याच जागतिक स्पर्धेत जो पराक्रम केला त्याने सारे जाणकार चकित झाले. रशियाने अमेरिकेवर सांघिक विजय मिळवला तो गुणाच्या जेमतेम पंचमांश फरकाने. वैयक्तिक सर्वसाधारण स्पर्धेत मात्र तिने ६१.०३२ गुण मिळवून दुसऱ्या क्रमांकाच्या चिनी जियांग युयुआनला एका गुणाहूनही अधिक मागे टाकले. आणि चारही साधनांच्या अंतिम फेऱ्यांत प्रवेश मिळवून व्हॉल्ट, बार्स व फ्लोअर यांवर रौप्यपदके घेतली. एकाच स्पर्धेत पाच पदके मिळवणाऱ्या या मुलीत कोणतेही साधन दुबळे नव्हते. लंडनचे ऑलिंपिक अद्याप पावणेदोन वर्षे दूर होते, आणि तेथील विजेतेपदाचा निकाल जणू आताच लागला आहे अशी अनेकांची समजूत झाली.

ती समजूत सहा महिन्यांत निकालात निघाली. एप्रिल २०११ मध्ये बर्लिन येथे युरोपीय अजिंक्यपदाच्या सर्वसाधारण अंतिम फेरीत तिने व्हॉल्टवर जी उडी घेतली ती त्या काळी स्त्रियांनी मारावयाच्या अत्यंत अवघड उड्यांपैकी एक होती. तिच्यात मेजावरून उसळल्यावर देह सरळ ठेवून कोलांटी घेता घेता अडीच गिरक्या पुऱ्या करावयाच्या असतात, आणि रुमानियाच्या सिमोना अमानारच्या नावाने ती ओळखली जाते. गिरकी पुरी होण्यापूर्वीच पाय जमिनीला लागले, तर धडाचा पीळ थेट गुडघ्यात उतरतो. आणि तसेच घडले. डाव्या गुडघ्याचा पुढील क्रुसिएट अस्थिबंध तुटला. जर्मनीतच शस्त्रक्रिया झाली, त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा बुडाली, आणि रॉटरडॅमच्या विजेतीला विजेतेपद राखण्याची संधीदेखील मिळाली नाही.

तिच्या कारकिर्दीचे दोन भाग पडतात ते याच ठिकाणी. पूर्वार्धात तिच्याजवळ सर्व काही होते. उत्तरार्धात जे उरले होते त्यातून सर्व काही उभे करावयाचे होते. लंडनला ती गेली तेव्हा अडीच गिरक्यांची ती उडी तिने सोडून दिलेली होती, आणि तिच्या जागी दोनच गिरक्यांची उडी ती मारीत होती. त्या काळच्या कोष्टकाप्रमाणे या एका बदलामुळे पहिल्या खात्यातील सात दशांश गुण तिने स्पर्धेला उभे राहण्यापूर्वीच गमावले होते. ज्या क्षेत्रात पदकांचे निर्णय दशांशाच्याही दशांशावर लागतात तेथे हा तोटा लहान नव्हे. तो भरून काढावयाचा तर तो बार्सवर, जेथे गुडघ्याला विशेष काम नसते आणि सारा भार खांदे, मनगटे व तळहात यांवर पडतो.

लंडनच्या सर्वसाधारण अंतिम फेरीत काय घडले ते आकड्यांनिशी सांगण्यासारखे आहे. मुस्ताफिनाला व्हॉल्टवर १५.२३३, बार्सवर १६.१०० असे गुण मिळाले. परंतु बीमवर ती खाली पडली आणि तेथे तिच्या वाट्याला अवघे १३.६३३ आले. शेवटी फ्लोअरवर १४.६०० मिळवून तिची बेरीज ५९.५६६ झाली. अमेरिकेची अली रेसमन हिने चार साधनांवर निराळ्याच वाटेने चालून नेमकी तेवढीच बेरीज गाठली होती. सुवर्ण गॅब्रिएल डग्लसला आणि रौप्य मुस्ताफिनाचीच सहकारी व्हिक्टोरिया कोमोव्हा हिला गेले होते. प्रश्न उरला तो कांस्याचा. नियम असा होता की, बरोबरी झाल्यास प्रत्येकीचा नीचांकी गुण वगळून उरलेल्या तिन्हींची बेरीज करावी. तशी ती केली तेव्हा मुस्ताफिनाची ४५.९३३ आणि रेसमनची ४५.३६६ भरली. बीमवरील ज्या पतनाने तिला मागे खेचले तेच पतन हिशेबातून वगळले जाऊन कांस्य तिच्या पदरात पडले. नशिबाची गोष्ट म्हणून याची बोळवण करता येईल. पण उरलेल्या तीन साधनांवर तिने काहीच उणे ठेवले नव्हते म्हणूनच नशिबाला कौल देता आला, हेही विसरून चालणार नाही.

चार दिवसांनी बार्सच्या अंतिम फेरीत १६.१३३ गुणांनी तिने सुवर्णपदक जिंकले. गतविजेती चिनी हे केशिन दुसरी, ब्रिटनची बेथ ट्वेडल तिसरी. सिडनीत २००० साली खोरकिनाने याच साधनावर सुवर्ण मिळवले होते; त्या ऑलिंपिकनंतर रशियाच्या कलात्मक जिम्नॅस्टिक्सला ऑलिंपिकचे एकही सुवर्ण मिळाले नव्हते, ते बारा वर्षांनी मिळाले. सांघिक रौप्य आणि फ्लोअरवरील कांस्य मिळून लंडनमध्ये तिची पदके चार झाली.

तिचे बार्सवरील काम म्हणजे नेमके काय होते, हे मल्लखांब पाहिलेल्या मराठी माणसाला समजावून देणे फार कठीण नाही. पेशवाईच्या उत्तरकाळी बाळंभटदादा देवधरांनी जी विद्या नावारूपाला आणली तिच्यात पकड सुटते आणि पुन्हा बसते त्या क्षणाला जे महत्त्व आहे, तेच बार्सवर आहे. भेद इतकाच की येथे खांब उभा नसून दांड्या आडव्या असतात, आणि पकड सुटल्यावर देह हवेत उंच फेकला जाऊन दांडीवरून पलीकडे जातो. मुस्ताफिना उंच दांडीवरून ठेंगण्या दांडीवर आणि तेथून पुन्हा वर अशी झेप घेताना मध्ये रिकामा झोका येऊ देत नसे. एक कृती जेथे संपे तेथेच दुसरीचा आरंभ होई, आणि अशा जोडणीला नियमाने मिळणारा अधिकचा मोबदला ती पुरेपूर वसूल करी. पाय जुळलेले, पावले ताणलेली, बोटांपर्यंत एक रेषा. शेवटी दांडी सोडून दुहेरी कोलांटीत दीड गिरकी घेत ती जमिनीवर उतरे, आणि ही उतरण गुणसंहितेत तिच्याच नावाने नोंदली गेली आहे. फ्लोअरवरही एक कृती तिच्या नावे आहे : एक पाय कानाशी उभा धरून, दुसऱ्या पायाच्या चवड्यावर पुऱ्या तीन फेऱ्या घ्यावयाच्या. काठिण्याचे गुण उंच उड्यांवाचूनही मिळवता येतात, हे या एका गिरकीवरून ध्यानात यावे. दुखावलेल्या गुडघ्याच्या खेळाडूस अशा कृतींचा केवढा आधार वाटत असेल ते निराळे सांगावयास नको.

लंडननंतर अलेक्सांद्रोव्ह यांना राष्ट्रीय संघापासून दूर करण्यात आले आणि ते ब्राझीलला निघून गेले. ज्या गुरूच्या हाताखाली ती घडली त्याच्याविना आता तिला वाटचाल करावयाची होती. २०१३ साली मॉस्को येथे ती युरोपची सर्वसाधारण विजेती झाली. आणि त्याच वर्षी अँटवर्प येथील जागतिक स्पर्धेत बीमवर, म्हणजे ज्या साधनाने लंडनमध्ये तिचा घात केला होता त्याच साधनावर, १४.९०० गुणांनी तिने सुवर्ण मिळवले. दुसरी आली ती अमेरिकेची कायला रॉस, तिसरी सिमोन बाइल्स. २०१४ मध्ये नानिंग येथे सर्वसाधारण स्पर्धेत ती चौथी आली, तरी संघाचे आणि बीम व फ्लोअर यांचे अशी तीन कांस्यपदके घेऊनच परतली. २०१५ मध्ये बाकू येथील पहिल्या युरोपीय क्रीडास्पर्धांत तिने तीन सुवर्णे जिंकली. परंतु पाठीच्या दुखण्यामुळे त्या वर्षीची ग्लासगोची जागतिक स्पर्धा तिला सोडावी लागली. चार साधनांपैकी प्रत्येकावर जागतिक पदक मिळवलेल्या मोजक्या स्त्रियांत आज तिची गणना होते.

रिओ ऑलिंपिकच्या वेळी उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणामुळे रशियाचा सहभागच संकटात आला होता. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघटनेने जिम्नॅस्टना परवानगी दिली तेव्हा स्पर्धा तोंडावर आलेली होती. संघाने रौप्य मिळवले. सर्वसाधारण स्पर्धेत बाइल्स व रेसमन पुढे निघून गेल्या, आणि मुस्ताफिनाने चीनच्या शांग चुनसोंगला ०.११६ गुणाने मागे टाकून कांस्य राखले. बार्सवर तिने १५.९०० मिळवले, अमेरिकेची मॅडिसन कोशियन १५.८३३ वर थांबली. बार्सचे सुवर्ण लागोपाठ दोन ऑलिंपिकांत जिंकण्याचा मान तिच्यापूर्वी खोरकिनाने १९९६ व २००० साली मिळवला होता. आता तो तिलाही लाभला. हीच ती स्पर्धा, जिच्यात त्रिपुरातील आगरतळ्याची दीपा कर्माकर व्हॉल्टच्या अंतिम फेरीत १५.०६६ गुणांनी चौथी आली आणि भारतात या खेळाकडे पाहण्याची दृष्टी पालटली. पुढच्याच वर्षी दीपाच्याही गुडघ्याचा तोच अस्थिबंध दुखावला, हे कळल्यावर बर्लिनचा प्रसंग परकीय वाटेनासा होतो.

२०१७ च्या जूनमध्ये मुस्ताफिना आई झाली, आणि पुढच्या वर्षी दोह्यास आली. संघाच्या रौप्यपदकात तिचा वाटा होता. बार्सच्या अंतिम फेरीत ती पाचवी आली. तिच्या हिशेबाने हे यश किरकोळ म्हणावे लागेल. परंतु आखाती देशांच्या संदर्भात त्या उपस्थितीला निराळे मोल होते. ओमानने ऑलिंपिकमध्ये प्रथम भाग घेतला १९८४ साली, आणि त्या राष्ट्राची पहिली स्त्री, धावपटू बुथैना अल-याकूबी, ऑलिंपिकच्या मैदानावर उतरली ती २००८ साली बीजिंग येथे. स्त्रियांच्या स्पर्धात्मक क्रीडेची परंपरा जेथे अशी कोवळी आहे, त्या प्रदेशातील मुलींना एक माता असलेली ऑलिंपिक विजेती शेजारच्या नगरात खेळताना दिसावी, ही सामान्य गोष्ट नव्हती. पुढे पूर्वीची धार परत आली नाही, आणि जून २०२१ मध्ये नोव्होसिबिर्स्क येथील रशियन चषक स्पर्धेत तिने निवृत्ती जाहीर केली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत टोकियोमध्ये रशियाच्या मुलींनी ते सांघिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, जे तिला दोनदा हुकले होते. संघाच्या यादीत तिचे नाव नव्हते. पण तोपर्यंत ती राष्ट्राच्या कनिष्ठ संघाच्या प्रशिक्षणाकडे वळलेली होती.

लातिनिनाची पदके अधिक, खोरकिनाची जागतिक विजेतेपदे अधिक, बाइल्सचे सामर्थ्य तर तुलनेपलीकडचे. तेव्हा मुस्ताफिनाला सर्वश्रेष्ठ म्हणण्याचा अट्टाहास करण्याचे कारण नाही. परंतु तिची सातही ऑलिंपिक पदके तिने गुडघ्यावरील शस्त्रक्रियेनंतर मिळवलेली आहेत, ही एकच बाब तिचे स्थान निश्चित करण्यास पुरेशी आहे. गेलेल्या शक्तीबद्दल हळहळत न बसता, आपल्याजवळ शिल्लक काय आहे, त्यातले खरे बळ कोणते आणि ते कोठे लावले असता जास्तीत जास्त फळ देईल, याचा ताळेबंद मांडण्याची तिची बुद्धी तिच्या स्नायूंइतकीच प्रशिक्षित होती.

मस्कतमध्ये असो वा महाराष्ट्रात, आपल्या मुलीला या खेळात घालण्याची इच्छा असलेल्या पालकांना म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते की, प्रशिक्षणकेंद्राला पदके किती आली याची चौकशी करण्यापूर्वी तेथील प्रशिक्षक मुलींना पडावे कसे हे शिकवतात की नाही, आणि दुखापत झाल्यास पुरती विश्रांती घेऊ देतात की नाही, याची चौकशी करावी. एका साधनाचा दरवाजा बंद झाला, तर दुसऱ्याकडे वळण्याइतका वेळ आणि विश्वास त्या मुलीला द्यावा. तेवढे केले, तर पदक येवो वा न येवो, मुलगी खेळात टिकेल.